रमाबाईंचे उघडे दार

मराठीत पंडिता रमाबाईंचे दोन तुकडे करण्याची रीत आता चांगली रुळली आहे. पहिला तुकडा विदुषीचा : कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' पदवी मिळवणारी, पुण्यात आर्य महिला समाज काढणारी, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी बोलणारी, विधवांना छप्पर देणारी. दुसरा तुकडा ख्रिस्ती बाईचा : बाप्तिस्मा घेणारी, प्रार्थना करणारी, येशूविषयी बोलणारी. पहिल्या तुकड्याला हार घालतात. दुसऱ्याविषयी कुणी गप्प बसतो, कुणी खंत व्यक्त करतो. काम थोर, पण धर्मप्रसाराचा डाग लागला, असे हळहळून म्हटले जाते. म्हणणारे दुष्ट नसतात, बहुधा रमाबाईंचे चाहतेच असतात. म्हणूनच त्यांना उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

ते मत आधी त्याच्या सर्वांत सबळ रूपात मांडते. दुबळे रूप उभे करून पाडण्यात पुरुषार्थ नाही. ते असे : देवावर प्रेम ही अंतःकरणाची गोष्ट आहे, ती ज्याची त्याने आपल्या देवघरात करावी. दुसऱ्याला ती सांगायला जाणे म्हणजे त्याच्या अंतःकरणात पाय ठेवणे. ज्याच्या ताटात आपण वाढतो त्याला तर ती मुळीच सांगू नये, कारण तिथे 'नाही' म्हणण्याची त्याची सोय उरत नाही. रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन दिले होते. त्या वचनावर विसंबून न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळात बसले, पालकांनी विधवा लेकी पाठवल्या. सदन पुण्यात आले. पुढे कळले की मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, काहींचे मन येशूकडे वळले आहे. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इतके सभ्य, सुधारणावादी लोक उगीच दुखावले जातील काय?

आरोप गंभीर आहे. आता पुरावा पाहू.

वचन नेमके कशाचे होते? सदनात धर्म शिकवला जाणार नाही, मुलींच्या सोवळ्या-ओवळ्याला आणि पूजाअर्चेला हात लावला जाणार नाही. हे वचन मोडल्याचा पुरावा काय? वर्गात बायबल शिकवल्याचा नाही. कुणाची पूजा बंद केल्याचा नाही. जो पुरावा पुढे येतो तो एवढाच, की रमाबाई आपल्या खोलीत आपल्या मुलीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. बाईंनी तो मानला नाही. मुलींना त्यांच्या धर्माप्रमाणे वागण्याची जी मोकळीक, तीच मलाही माझ्या घरात हवी, हे त्यांचे म्हणणे होते.

वाचकानेच न्याय करावा. तटस्थतेचे वचन म्हणजे स्वतःची श्रद्धा लपवण्याचे वचन काय? एखाद्या वारकरी हेडमास्तरीणबाईने शाळेत धर्म शिकवणार नाही असे कबूल केले, तर तिने घरी हरिपाठही दार लावून म्हणावा, असे आपण म्हणू काय? संस्था तटस्थ असू शकते. माणूस तटस्थ नसतो. त्याने तसे दाखवणे हेच खरे ढोंग झाले असते, आणि पालकांची फसवणूक झाली असती ती तेव्हा. उघड्या दारातून जे दिसते त्याविषयी पालक तक्रार करू शकतात, मुलगी घरी नेऊ शकतात. त्यांनी नेल्याच की! लावलेल्या दाराआड काय चालते हे कुणाला कळले असते?

याच सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई जोशी. बाईंच्या छपराखाली त्या शिकल्या, वाढल्या. ज्या 1893 सालात हा गदारोळ झाला, त्याच सालच्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या हिंदू म्हणून सदनात आल्या आणि हिंदू म्हणूनच बाहेर पडल्या. जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती असे सांगितले जाते, तिथे हे कसे घडले? दार उघडे असेल तर माणूस जसा आत येतो तसाच बाहेरही जातो.

आता मुळाशी जाऊ. भक्ती खासगी असते, हे तत्त्व मराठी माणसाच्या तोंडी आले कुठून? महाराष्ट्राच्या मातीत ते उगवलेले नाही. आपली भक्ती टाळ-मृदंग घेऊन रस्त्याने चालते. कीर्तन देवळाच्या सभामंडपात होते, त्याला सारे गाव बसते. नामदेव पंढरपुराहून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची पदे आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांनी आपला विठ्ठल चंद्रभागेच्या वाळवंटात ठेवून मग प्रवास करायला हवा होता, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आणि रमाबाई तर पुराणिकाच्या लेक. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकवले. आईने ते लेकीला शिकवले. देवळात, नदीच्या घाटावर, तीर्थाच्या ठिकाणी पुराणे सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षे देशभर फिरले, आणि त्या वाटेवरच दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील गेले. देवाचे जे कळले ते चार माणसांत बसून सांगायचे, हा त्यांच्या घरचा वसाच होता. तो येशूच्या पायांशी आल्यावर सुटला नाही, एवढेच म्हणता येईल.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की नामदेवांनी कुणाला धर्म बदलायला सांगितले नाही. खरी बोच तीच आहे. बाप्तिस्म्याने त्या काळी घर तुटे, जात तुटे, आईची चूल परकी होई. ते दुःख मी हलके लेखत नाही. पण 'धर्म बदलण्याचे दुसऱ्याला आवाहन करणे हेच मुळात गैर' हे तत्त्व कुणाला पेलणार आहे? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि लाखोंना तो दिला. तो दिवस आपण मानाने साजरा करतो, करायलाच हवा. मग विवेकाने धर्म निवडण्याचा आणि निवडीची कारणे इतरांना सांगण्याचा हक्क जो तिथे पवित्र, तो शारदा सदनाच्या उंबऱ्यावर अपवित्र कसा झाला? हा हक्क सर्वांचा तरी आहे, नाहीतर कुणाचाच नाही.

सक्तीचे काय? तिथे मी प्रतिपक्षाच्या बाजूने उभी आहे. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशन चालले, हा आम्हा ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातला कलंक आहे आणि तो पुसण्याचा प्रयत्न करणारा माझा वकील नव्हे. पण त्याच गोव्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 1579 मध्ये इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकले, तिच्या प्रेमात पडले, आणि 1616 मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून गेले. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने त्याच प्रदेशात लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. सक्ती आणि साक्ष यांतला फरक इथे लख्ख दिसतो. साक्ष देणाऱ्याला समोरच्याची भाषा यावी लागते, कारण त्याला समोरच्याचे मन हवे असते. सक्ती करणाऱ्याला भाषेशी कर्तव्य नसते. हुकूम कोणत्याही भाषेत चालतो. या कसोटीवर रमाबाईंना घासून पाहा. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. पंडिता म्हणवणाऱ्या या बाईने त्यात संस्कृतप्रचुर भाषा मुद्दाम टाळली, का, तर ते केडगावच्या कुणब्याच्या लेकीला वाचता यावे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. आयुष्याची अखेरची वर्षे या कामात घालवून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. हे सक्तीचे लक्षण आहे काय?

रमाबाईंनी पुढे केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनचा प्रश्न वेगळा, आणि अधिक कठीण. 1896 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, भुकेल्या मुली आणि बालविधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांपैकी पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या पोटाला खरी निवड असते काय? हा प्रश्न मी टाळत नाही, कारण ख्रिस्ती माणसाला तो रात्री झोप येऊ देऊ नये असाच आहे. माझे उत्तर एवढेच : मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होते. तटस्थतेचे वचन तिथे नव्हते, म्हणून मोडलेही गेले नाही. टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तिथे कृपा सदन उभारले, आंधळ्या बायकांना वाचायला शिकवण्याची सोय केली. हा पसारा माणसे मोजण्यासाठी मांडला असता, तर समाजाने ज्यांना मोजणेच सोडून दिले होते त्यांच्यावर कुणी एवढे आयुष्य वेचले असते काय?

माझ्याच मंडळीतल्या काही जणांनाही इथे दोन शब्द सांगायचे आहेत. सुवार्ता म्हणजे हिशेबाची वही, अमुक गाव अमुक बाप्तिस्मे, असे मानणारे आमच्यात आहेत. त्यांनी नवा करार नीट वाचावा. एक श्रीमंत तरुण येशूकडे आला, येशूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रेम केले, आणि तो खिन्न होऊन परत निघाला तेव्हा त्याला जाऊ दिले. मागे धावला नाही. अट सैल केली नाही. एकाला आपल्या पंथात ओढण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या शास्त्र्यांवर त्याने जितके कडक शब्द वापरले, तितके क्वचितच कुणावर वापरले असतील. मत्तयाच्या शेवटी शिष्यांना जी आज्ञा आहे, तिच्या मूळ ग्रीक वाक्यात मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे. जाणे, बाप्तिस्मा देणे, शिकवणे ही त्याच्या आश्रयाने येतात. आणि शिष्य धरून आणता येतो, हे गुरु-शिष्यांच्या या देशात कुणाला पटेल?

पण जे म्हणतात, प्रेम करा आणि गप्प बसा, त्यांनाही त्याच पुस्तकात आधार नाही. एका शास्त्र्याने येशूला विचारले, सर्वांत मोठी आज्ञा कोणती? त्याने मागितली एक, येशूने दिल्या दोन : देवावर सर्वस्वाने प्रेम कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे. दुसरीशिवाय पहिली सांगायला तो तयारच झाला नाही. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी त्याने पेत्राला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? पेत्राने तीनदा होय म्हटले. दर वेळी त्या होकाराच्या पाठोपाठ मेंढरांची काळजी त्याच्या पदरात पडली. 'बरे, मग ते मनात ठेव' असे उत्तर एकदाही मिळाले नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करायचे असेल, तर स्वतःला जी सर्वांत मोलाची वस्तू मिळाली ती त्याच्यापासून लपवून ते कसे करायचे? भाकरी द्यायची, औषध द्यायचे, अक्षर द्यायचे; आणि ज्याच्यामुळे हे सगळे द्यावेसे वाटले त्याचे नाव तेवढे गिळायचे? हे सौजन्य नव्हे. हा कंजूषपणा आहे.

रमाबाईंचे दोन तुकडे का पडत नाहीत, हे त्यांच्याच हकिगतीवरून कळते. त्या येशूकडे वादात हरून आल्या नव्हत्या. वादात त्यांना हरवणे सोपेही नव्हते. बाप्तिस्म्यानंतरसुद्धा इंग्लंडातल्या वाँटेज मठाच्या भगिनींशी त्या सिद्धांतांवरून पत्रांतून भांडत राहिल्या आणि क्रूसावर अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. 1883 मध्ये इंग्लंडात असताना त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाठवले. तिथे वाट चुकलेल्या, समाजाने थुंकलेल्या स्त्रियांची सेवा चालू होती. शास्त्रे पाठ असलेल्या या बाईने असे काही कधी पाहिले नव्हते. त्यांनी आपणहून विचारले : तुम्ही या स्त्रियांची एवढी काळजी का घेता?

भगिनीने उत्तरादाखल योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटी येणारी बाई; तिच्याकडे पाणी मागणारा येशू; आणि ओळख पटताच घागर तिथेच टाकून गावाकडे सांगत सुटलेली ती. तिचे ऐकून गाव विहिरीवर आले. मग तेच लोक तिला म्हणाले, आता तुझ्या सांगण्यावरून नव्हे, आम्ही स्वतः ऐकले म्हणून आमचा विश्वास आहे.

त्या दिवशी फुलहॅमला ती भगिनी सभ्यपणे म्हणाली असती, 'ही आमची खासगी बाब आहे', तर केडगावच्या माळावर आज काय असते?