पंधरा पायल्या बियाणं

आमच्या आयचं जन्मसाल कुठल्याच कागदावर नाही. रेशनकार्डावर जे वय होतं ते कारकुनानं तोंडाकडं बघून घातलेलं. ती स्वतः सांगायची, "मानमोडीच्या साली मी पाळण्यात हुते." मानमोडी म्हणजे 1918 ची तापाची साथ. तिचा सगळा हिशेब असाच चालायचा. पत्रीसरकारच्या वेळी धाकटा अंगावर पीत होता, आणि कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे उतरंडीची तीन गाडगी फुटली. आय म्हणजे माझी आजी. वडील आणि तात्या तिला आय म्हणायचे, म्हणून आम्ही नातवंडंही आयच म्हणायचो.

आमचा तालुका माण. पावसाच्या आडोशाला पडलेला मुलूख. माणगंगा नावाला नदी, वर्षातून चार दिवस वाहिली तरी लोक बघायला जायचे. आजा चाळिशीच्या आत गेला. मागं दोन पोरं, चोवीस एकर जमीन आणि त्यात निम्मं माळरान. बारा एकरांत शाळू यायचा, त्यावर घर चालायचं. पेरणी कधी, बैल कुठला विकायचा, लेकीला बोळवण काय द्यायची, सगळं आय ठरवायची. बाई माणूस म्हणून तिला कुणी अडवलेलं मला आठवत नाही. अडवलं असतं तर ते मला नक्की आठवलं असतं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. एक साल आधीपासूनच पाऊस धड नव्हता, त्या वर्षी तर जमीन ओलीच झाली नाही. दिवाळीपर्यंत विहिरीचा तळ दिसला. खिल्लारी बैलजोडी म्हसवडच्या बाजारात मातीमोल गेली. मग आयच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ गेली. त्यानंतर घरातली सगळी धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर. मुकादम सकाळी हजेरी मांडायचा, पुरुष टिकाव मारायचे, बाया पाट्या वाहायच्या. मीही शाळा सोडून माती वाहिली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो. परदेशातून आलेली ती ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी विसापूरला त्याचा प्रयोग आधीच केला होता, कायदा 1977 साली झाला. आमचा तो तलाव अजून आहे, निम्मा गाळानं भरलाय.

आता कणगीचं सांगतो. माजघराच्या कोपऱ्यात शेणामातीनं लिंपलेली कणगी होती. तिच्यात लिंबाचा पाला आणि राख घालून पंधरा पायल्या शाळू ठेवलेला. बियाणं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तात्यांची धाकटी पोर दोन वर्षांची होती. तिला मिलो सोसेना. हगवण लागली, पोर वाळत चालली. चैत्रात एके रात्री तात्या कामावरून आले आणि कणगीसमोर उभे राहिले. मी शेजारीच अंथरुणावर जागा होतो.

"आय, कणगी फोडतो. पोरीला पेज तरी मिळंल."

"किती दिस मिळंल?" आय म्हणाली.

तात्या गप्प. तिनंच हिशेब केला. घरात अकरा तोंडं. एकीसाठी फोडली की बाकीची दहा काय डोळं मिटून बसणार हुती? पंधरा पायल्या, पंधरा दिस. "आन् सोळाव्या दिशी? पाऊस आला तर मातीत काय घालशीला?"

"पोर ऱ्हायली तर पेरायचं न्हवं!"

ती कणगीला पाठ लावून बसली आणि सकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हातातले गोट काढून दिले, त्याचे तांदूळ आले. तांदळाची पेज पोरीनं चार-पाच दिवस घेतली. वैशाखात ती गेली. मातीआड करून आल्यावर तात्यांनी चुलतीला आणि थोरल्या पोराला घेऊन मुंबईची वाट धरली. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. दहा वर्षं ना पत्र, ना सणाला येणं.

पेजेनं ती पोर जगली असती का? डॉक्टर म्हणतील अशा हगवणीत धान्यापेक्षा पाणी-मीठ-साखर पाहिजे होती. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आय चुकली असं मला म्हणवत नाही, आणि तात्या चुकले असंही म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलेली नाही. कणगीला खाली भोक असतं, चिंधीचा बोळा घातलेलं. त्या फाल्गुनात मी दोनदा तो बोळा काढून मूठभर शाळू काढला आणि रानात नेऊन भाजून खाल्ला. आयला कळलं होतं. एका सकाळी त्या भोकावर ताजं शेण लिंपलेलं दिसलं. ती माझ्याकडं बघून काही बोलली नाही. जूनमध्ये तिनंच मला परत शाळेत धाडलं, म्हणून दहावी तरी झालो.

1973 ला पाऊस आला. शाळू पेरला, त्यातलं चार पायल्या बी तिनं भावकीत उसनं दिलं, कारण त्यांच्या कणग्या रिकाम्या होत्या. माघात रास पडली. पहिलं सूप भरून तिनं बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, वाड्यावस्तीवर कुठं बाळंतीण आसंल तिच्या घरी देऊन ये. दरवर्षी हेच. कारण तिनं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा संपला ते सगळ्यांना माहीत आहे. पुढल्या वर्षी रास चालू असताना तात्या वळकटी घेऊन खळ्यावर येऊन उभे राहिले. आय तेव्हा ते सूप भरत होती. तिनं वर बघितलं, "हात पाय धू, भाकरी हाय," एवढंच म्हणाली. जेवल्यावर तात्यांनी विचारलं, हे सूप कुणाचं? मी सांगितलं. ते उठले, सूप डोक्यावर घेतलं आणि स्वतः देऊन आले.

1994 ला आय गेली. कणगी पुढं उंदरांनी पोखरली, आम्ही मोडून टाकली. आता बी पिशवीतून येतं, मळणी मशीनवर तासाभरात उरकते. तात्या ऐंशीच्या पुढं आहेत, कानानं कमी. तरी मशीनच्या तोंडाशी सूप घेऊन तेच बसतात, आणि सूप भरलं की नातवाला ओरडून विचारतात, कुणाच्या घरात पाळणा हाय रं? मुठीची गोष्ट त्यांना अजून सांगितलेली नाही. हे छापून आलं की वाचून दाखवीन म्हणतो.