लूत लागलेला कुत्रा

सौसर तालुक्यातील रामाकोना हे गाव नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावर आहे. संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते यांच्या या मुलुखात राखणीचा कुत्रा ही चैनीची वस्तू नव्हे. तो शेतकऱ्याचा रात्रीचा सोबती आहे. परंतु पावसाळ्यात हाच कुत्रा रात्रंदिवस अंग खाजवू लागला, पाठीवरचे केस झडून कातडी लाल झाली, की त्याच्याविषयी एकच शब्द उच्चारला जातो: लूत. त्या शब्दासरशी त्याला घराचा उंबरठा पारखा होतो.

मराठी माणसाने खंडोबाच्या पायांशी कुत्र्याला जागा दिली, दत्तात्रेयांच्या चार श्वानांत चार वेद पाहिले, भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा भक्तिभावाने ऐकली. तरीही लूत लागलेल्या कुत्र्याच्या वाट्याला दगडच येतो. यात निष्ठुरतेपेक्षा भीतीचा भाग अधिक आहे. ती भीती कितपत खरी, हे शास्त्राने हळूहळू, तीन टप्प्यांनी उलगडले.

पहिला टप्पा १६८७ सालचा. इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या खरजेचा किडा पाहिला आणि खरजेचे कारण हा किडाच होय, असे प्रतिपादिले. याच जातीचे किडे कुत्र्याच्या कातडीतही बिळे करतात. ही खरी संसर्गजन्य खरूज. ती दुसऱ्या कुत्र्याला लागते आणि माणसालाही काही काळ खाज देते. तेव्हा लोकांची भीती अगदीच निराधार नव्हती. चूक झाली ती एवढीच, की प्रत्येक खाजेला तेच नाव मिळाले.

दुसरा टप्पा जंतूंचा. स्कॉटलंडमधील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० साली गळवांच्या पुवात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जंतू दाखविले. ग्रीक भाषेतील द्राक्षघोसाच्या शब्दावरून त्यांना 'स्टॅफिलोकोकस' हे नाव पडले. कुत्र्याच्या कातडीवरील पुटकुळ्यांतही असेच जंतू सापडत, आणि ते माणसाच्याच जंतूंपैकी असावेत असा पुष्कळ काळ समज होता. १९७६ साली त्यांना वेगळे नाव मिळाले. पुढे २००५ साली 'स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस' या जातीचे वर्णन झाले, आणि कुत्र्यांतील जंतू बहुतांशी हाच, हे थोड्याच काळात स्पष्ट झाले. विशेष हे, की हा जंतू निरोगी कुत्र्याच्याही नाकातोंडात आणि कातडीवर सुखाने नांदतो. मग घरचाच रहिवासी एके दिवशी वैरी का होतो?

याचे उत्तर तिसऱ्या टप्प्यात मिळाले, आणि तेही एका कुत्र्याने प्राण देऊन. १९०२ साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोर्तिए हे समुद्रपुष्प या प्राण्याच्या विषाचा प्रयोग कुत्र्यांवर करीत होते. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली. काही आठवड्यांनी दुसरी मात्रा देताच तो अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. संरक्षणासाठी असलेली शरीराची शक्तीच शरीरावर उलटू शकते, हे यातून कळले. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडविला होता.

तरी कुत्र्याला माणसाप्रमाणे आपोआप ॲलर्जी होते, हे पटण्यास वेळ लागला. १९४१ साली अमेरिकेतील विटिच यांनी रॅगवीड या तणाच्या परागांनी आजारी पडणाऱ्या कुत्र्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९५०च्या दशकात पुण्याजवळ प्रथम आढळलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत हे याच तणाच्या कुळातले. परागाखेरीज धुळीतील सूक्ष्म किडे आणि, विशेषतः आपल्याकडे, पिसवांची लाळ ही खाजेची मोठी कारणे होत. कुत्रा खाजवितो, कातडीचे कवच फाटते, आणि शांतपणे नांदणारे जंतू त्या फटीत शिरून बळावतात. पुटकुळी हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. आरंभ पिसवेच्या एका दंशातही असू शकतो.

म्हणूनच लूत दिसताच गाडीचे जळके तेल फासण्याची रीत घातक ठरते. ते तेल कातडी पोळते, आणि कुत्रा अंग चाटीत असल्याने पोटातही जाते. अर्धवट सोडलेली प्रतिजैविक औषधेही तितकीच अनिष्ट. गेल्या दोन दशकांत अनेक देशांत या जंतूच्या औषधांना न जुमानणाऱ्या जाती आढळल्या आहेत. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि रामाकोन्याहून नागपूर फार दूर नाही. कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर खरजेचा किडा काही वेळा तेथेच ओळखू येतो. मात्र तो एकदा न दिसला म्हणून खरूज नाहीच, असे जाणता पशुवैद्य म्हणत नाही.

लूत हा शब्द भाषेतून जाणार नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. तो उच्चारल्यावर हात दगडाकडे न जाता कुत्र्याच्या अंगावरील पिसवा शोधू लागला, म्हणजे पुरे. बागेची राखण करणाऱ्याचे तेवढे ऋण धन्याकडे निघतेच.