क्षयेतर मायकोबॅक्टेरियाजन्य फुप्फुससंसर्ग

क्षयेतर मायकोबॅक्टेरियाजन्य फुप्फुससंसर्ग हा क्षयरोग व कुष्ठरोग निर्माण करणारे जीवाणू वगळता मायकोबॅक्टेरियम प्रजातीतील इतर जीवाणूंमुळे होणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार आहे. त्याची लक्षणे क्षयरोगासारखी असली, तरी उपचार वेगळे असतात.

कारणे व प्रसार

हे जीवाणू माती, नैसर्गिक जलसाठे आणि नळाच्या पाण्यातही आढळतात. मायकोबॅक्टेरियम एव्हियम समूह, मा. कन्सासाय व मा. ॲब्सेसस हे त्यांपैकी प्रमुख होत. संपर्कात आलेल्या बहुतेकांना रोग होत नाही. जुन्या क्षयरोगाचे व्रण, श्वासनलिकांचा कायमचा विस्फार किंवा सीओपीडी असलेल्यांना धोका अधिक असतो. संसर्ग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही.

तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ मध्ये सुरू झालेल्या बीसीजी लसीच्या चाचणीत लस प्रौढांतील फुप्फुसाच्या क्षयरोगापासून संरक्षण देऊ शकली नाही. तेथील लोकांचा अशा जीवाणूंशी असलेला व्यापक पूर्वसंपर्क हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

निदान

दीर्घकाळ खोकला, थकवा, वजन घटणे व कधी थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे होत. सूक्ष्मदर्शकाखाली हे जीवाणू क्षयजंतूंसारखेच दिसतात. थुंकीत जीवाणू दिसूनही सीबीनॅट चाचणीत क्षयजंतू न आढळल्यास या संसर्गाची शंका घेतली जाते. क्षयरोगाच्या औषधांनी गुण न आल्यास औषधरोधी क्षयरोगाबरोबरच याचाही विचार करावा लागतो. जीवाणू पर्यावरणातूनही नमुन्यात येऊ शकत असल्याने लक्षणे व सीटी स्कॅनमधील बदलांबरोबरच थुंकीच्या किमान दोन स्वतंत्र नमुन्यांच्या जंतुसंवर्धनात तीच जाती आढळावी लागते. महाराष्ट्रात क्षयरोगविषयक संदर्भ प्रयोगशाळा नागपूर व पुणे येथे आहेत.

उपचार

निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषधे लागतातच असे नाही. काही रुग्णांवर केवळ देखरेख ठेवली जाते. एव्हियम समूहावर सामान्यतः अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन व इथॅमब्युटॉल एकत्र दिली जातात. जंतुसंवर्धन निर्जंतुक आल्यानंतरही ती किमान १२ महिने चालू ठेवतात. अझिथ्रोमायसिन एकटेच दिल्यास जीवाणू त्याला दाद देईनासे होतात. मा. ॲब्सेसस अनेक औषधांना रोधी असल्याने त्यावरील उपचार विशेष कठीण असतात. इथॅमब्युटॉलमुळे दृष्टीवर, तर गंभीर आजारात वापरल्या जाणाऱ्या ॲमिकॅसिनमुळे श्रवणशक्ती व मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून नियमित तपासणी आवश्यक असते.