खाराचा अंदाज

चैत्र लागला की आजी माळ्यावरची चिनी मातीची बरणी खाली काढायची. तिच्या तळाशी फडक्यात बांधलेले मळकट पांढरे खडे असत. त्यातला एक ती खलबत्त्यात ठेचायची, पाण्यात विरघळवून निवळू द्यायची आणि वरचं नितळ पाणी तेवढं उडदाच्या पिठात ओतायची. एकदा तिची नजर चुकवून मी खडा जिभेला लावला. मिठासारखा लागेल असं वाटलं होतं, पण साबण चाखल्यासारखी चव आली आणि जीभ चरचरली. चूळ भरायला पाणी देत आजी म्हणाली, "मीठ नोय ते बाई. तयातला खार हाय."

आजीच्या वऱ्हाडीत तळ्याचं 'तयं' होई. आणि आमच्या घरात तयं एकच, लोणारचं. ते खडे तिच्या सासऱ्यांनी काढलेल्या खारातले शेवटचे. बाजारात पापडखाराच्या पुड्या मिळू लागल्या, तरी तिने ते पुरवून पुरवून वापरले.

आजोबा तिथलेच, बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांनी सांगितलेलं लोणार लोणासुरापासून सुरू होई. जमिनीच्या पोटात राहून लोकांना छळणारा हा राक्षस. विष्णूने दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी, आणि मांस म्हणजे त्यातला खार. गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरात नेऊन, छताकडे बोट दाखवत आजोबा ही गोष्ट सांगत आणि शेवटी हमखास म्हणत, "राक्षस मेला, पन त्याचा खार तठीच रायला. जाईन कुठून? तयाले वाटच नाई."

हे वाक्य मला पुढे कितीतरी वर्षांनी समजलं.

लोणारचं विवर काळ्या बसाल्टमध्ये खोदलं गेलं ते आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्या वेगळेपणाची नोंद केली. हा ज्वालामुखी की अशनी, हा वाद मात्र दीडशे वर्षं चालला. 1973 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या निबंधाने तिथल्या खडकांचे पुरावे मांडले, तेव्हा कौल अशनीच्या बाजूने लागला. विवराचं वय आधी सुमारे 52 हजार वर्षं धरत. पुढे आर्गॉन पद्धतीने ते 5 लाख 70 हजारांच्या आसपास निघालं.

या खोलगट वाडग्यात चहूबाजूंनी पाणी उतरतं. काठावरची धार बारमाही, ती गोमुखातून पडते. आत रामगया आणि पापहरेश्वराचे झरे आहेत. पावसाळ्यात कडांवरून ओहोळ येतात. हे सगळं पाणी गोडं. ते येताना दगडमातीतला थोडा थोडा क्षार घेऊन येतं आणि तळ्यात उतरल्यावर त्याला पुढे जायला नदी नाही, ओढा नाही. ऊन पाणी उचलून नेतं, क्षार खालीच राहतो. असं हजारो वर्षं झालं. म्हणून लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या वर जातो आणि त्यात मिठाबरोबर सोडाही असतो. आजोबांच्या राक्षसाला वाट नव्हती ती ही अशी.

वाट नव्हती, तरी एक दार होतं. ते माणसांनी केलेलं.

आजोबांचे वडील उन्हाळ्यात खार काढायला तळ्यात उतरत. पाणी मागे सरलं की काठच्या चिखलावर पांढरी पापडी धरे. माणसं त्या कुबट चिखलात पाय रोवून उभी राहत आणि तळाशी जमलेले खडे हाताने चाचपून वर काढत. दिवस मावळेपर्यंत टाचा फुटत, बोटांच्या पेरांना चिरा पडत. मग धारेच्या गोड्या पाण्यात हातपाय धुऊन करडईचं तेल चोळायचं आणि घरी जायचं. डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की ही खाराची नावं आजोबांना तोंडपाठ होती, जशी शेतकऱ्याला ज्वारीच्या जातींची असतात. कुठला खार साबणाला, कुठला बांगड्यांच्या काचेला, कुठला रंगाऱ्याला आणि कुठला पापडाला, हे हातात घेताच ते सांगत. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'तही लोणारच्या काच आणि साबणाच्या साहित्याची नोंद आहे. म्हणजे आमच्या पणजोबांच्या टाचा फुटण्याआधी निदान साडेतीनशे वर्षं माणसं या तळ्यातून खार उचलत होती. भाकरीसाठी उचलत होती, तळ्याच्या भल्यासाठी नव्हे, हे खरं. तरी दर उन्हाळ्यात गाड्या भरून खार विवराच्या कडेवर चढत होता. पुढे कारखान्यांचा सोडा स्वस्त झाला आणि ते दार बंद झालं.

तळ्याच्या काठी, कमळजा देवीच्या देवळाजवळ, सासू-सुनेची विहीर आहे. तळं भरलं की ती बुडते, ओसरलं की वर येते. तिच्या एका अंगाचं पाणी गोडं, तळ्याकडच्या अंगाचं खारं. नवरात्रातल्या यात्रेला गेलो असताना मी आजीला विचारलं होतं, यातली सासू कोणती? बायका नेहमी करतात तसं खारीकडे बोट दाखवून ती हसेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "दोघी एकाच घरच्या. एक आटली का दुसरी माजते." आज मला त्या विहिरीत सगळ्या तळ्याचं शास्त्र दिसतं. जमिनीतून झिरपणारं गोडं पाणी आणि तळ्याचं खारं पाणी तिथे एकमेकांना रेटत उभी असतात. गोड्याचा रेटा कमी पडला की खारं पुढे सरकतं.

जून 2020 मध्ये तेच झालं. तळ्याची पातळी खाली गेली, ऊन तापलं, आणि एरवी शेवाळाने हिरवं दिसणारं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीतल्या त्या दिवसांत मामेभावाने फोनवर फोटो पाठवला. मला प्रथम आठवला तो आजोबांचा लोणासुर आणि त्याचं रक्त. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा त्यात गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे लवणप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. पाणी घट्ट आणि खारट झालं की त्यांचं फावतं. पुढे पाऊस पडला, खारटपणा उतरला आणि रंगही ओसरला.

आमटी आटत गेली की मीठ न घालताही खारट होते, हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. तळ्याचंही तसंच. पाणी निम्मं झालं की दर घागरीतला खार दुप्पट. अशा वेळी मीठ वेचत बसायचं नसतं, आधण घालायचं असतं.

दुसऱ्या एका तळ्यात हे आधण घालून पाहिलं गेलं आहे. मध्य आशियातला अरल समुद्र नावाने समुद्र असला, तरी तो भूवेष्टित सरोवरच. 1960 साली त्याचा विस्तार सुमारे 68 हजार चौरस किलोमीटर होता. आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं, आणि तो आटत, खारटत जाऊन दुभंगला. मासे मेले, होड्या वाळूत रुतल्या. मग कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने उत्तरेकडच्या छोट्या भागापुढे सुमारे 13 किलोमीटर लांबीचा कोक-अरल बांध घातला. 2005 मध्ये तो पुरा झाला. सिर दर्याचं पाणी आत साठू लागलं आणि जास्तीचं पाणी दरवाजांतून दक्षिणेकडे सुटताना खारही घेऊन जाऊ लागलं. पातळी चढली, खारटपणा उतरला, गोड्या पाण्यातले मासे परतले आणि मासेमारही. आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारी वाट, या दोन गोष्टी सांभाळल्या एवढंच. दक्षिणेकडच्या भागाला ते भाग्य लाभलं नाही, तो अधिकाधिक खारटत गेला.

लोणारला अरलचा उपाय जसाच्या तसा लावता येणार नाही. अरलचा खारटपणा हा आजार होता, लोणारचा खारटपणा ही प्रकृती आहे. हे तळं गोडं झालं तर त्याच्यातलं हिरवं शेवाळ आणि खार मानवणारे सूक्ष्मजीव जातील, मग लोणार हे नुसतं एक खोल डबकं उरेल. विसाव्या शतकातल्या नोंदी तर सांगतात की पाणी पूर्वीपेक्षा कमी खारं होत गेलं. अलीकडे पातळी वाढून पाणी कमळजेच्या देवळाला भिडलं, तेव्हा काठच्या लोकांनी उलट्या काळजीने तळ्याकडे पाहिलं. एका साली खार चढतो, दुसऱ्या साली उतरतो. दोन्ही वेळा बिघडतो तो अंदाज.

तो सांभाळायची कामं साधी आहेत आणि रोजची आहेत. झऱ्यांची तोंडं मोकळी ठेवणं. उन्हाळ्यात जे भूजल तळ्याला आतून पोसतं, ते विवराभोवतीच्या बोअरवेलनी उपसून न टाकणं. काठावर माजलेली वेडी बाभूळ काढत राहणं. आणि गावाचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय एक थेंबही कडेवरून खाली न सोडणं, कारण या वाडग्यात जे पडतं ते कायमचं पडतं. नोव्हेंबर 2020 मध्ये लोणार पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, त्याआधी 2000 साली अभयारण्य झालं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या तळ्यासाठी वर्षानुवर्षं सुनावण्या घेतल्या. मला त्याचं मोल वाटतं. पण रोज काठावर जाऊन पाणी किती, खार किती हे पाहणारा माणूस हवा, जसे आमचे पणजोबा होते. अशा माणसांना पगार द्यावा, मोजमापाची साधनं द्यावीत, आणि त्यांचा शब्द निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचावा.

आजीच्या हाताखाली पापड करताना मला एकच काम मिळे, पहिला पापड भाजून तिला दाखवायचं. खार जास्त पडला की पापड लालसर होऊन कडवट लागे, कमी पडला की फुलत नसे. ती तुकडा मोडून चाखे, मग पिठाच्या गोळ्यात चमचाभर खाराचं पाणी किंवा चिमूटभर पीठ घालून पुन्हा कुटायला लावी. हे दरवर्षी होई. इतकी वर्षं पापड करूनही पहिला पापड चाखल्याशिवाय तिने दुसरा कधी लाटू दिला नाही.