तळटीप : रोटरची पहिली जागा

* ‘रोटर आधी जागेवर आणून घ्यावा’ : लेखकाने एका वाक्यात उरकलेले हे काम थोडे उलगडायला हवे. सिंक्रोनस मोटर चालवणाऱ्या थायरिस्टरच्या करंट सोर्स इन्व्हर्टरमध्ये एका वेळी तीनपैकी दोनच फेजमधून प्रवाह वाहतो. त्यामुळे स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र सलग फिरत नाही, ६० विद्युत अंशांच्या उड्या घेत सहा जागी थांबते. (चार ध्रुवांच्या मोटरीत ही उडी प्रत्यक्षात ३० अंशांची.) सुरुवातीला फेजची एकच जोडी चालू ठेवली की रोटर होकायंत्राच्या सुईसारखा झुलत त्या रेषेत येतो. मोटर थांबलेली असल्याने विरोधी व्होल्टेज नसते, तरी प्रवाह बेफाम वाढत नाही. डीसी बाजूचे नियंत्रण त्याला बांधून ठेवते. खरी खोच वेगळीच आहे. रोटर नेमका १८० अंशांवर, पाठ फिरवून उभा असेल तर टॉर्क शून्य, आणि तो हलतच नाही. म्हणून लागोपाठ दोन जोड्या चालवून पाहणे शहाणपणाचे. रोटर रेषेत आल्यावर लगतची नव्हे, त्यापुढची जोडी लावतात. मग कोन १२० वरून ६० अंशांपर्यंत उतरतो आणि मधल्या ९० अंशांवर टॉर्क सर्वाधिक मिळतो.

गॅस टर्बाइन सुरू करण्यासाठी तिला जोडलेले अवजड जनित्रच मोटरसारखे चालवतात, तेव्हा त्याला असे हिसके देणे परवडत नाही. तिथे रोटरमध्ये उत्तेजन प्रवाह सोडताना स्टेटरच्या तिन्ही फेजमध्ये क्षणभर उमटणाऱ्या व्होल्टेजवरून त्याची जागा ओळखता येते.