९६१ माळढोक आणि सातासमुद्रापारच्या बंदुका

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने आपल्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. पक्षिअभ्यासकांच्या लिखाणात हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. वर्षाला सरासरी ४८ पक्षी, आणि तेही एकाच माणसाने. आज साऱ्या जगात मिळून माळढोक उरले आहेत साधारण दीडशे. म्हणजे आजच्या एकूण संख्येच्या सहापट पक्षी एका साहेबाने एका जिल्ह्यात संपवले. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की मुले आधी विचारतात, "माळढोक म्हणजे काय?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या गावच्या माळावर हा पक्षी होता, त्यांच्या नातवंडांनी तो चित्रातच पाहिला आहे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधला सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर मीटरभर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. त्याच्या घुमण्याच्या आवाजावरून मराठीत त्याला 'हूम' असेही म्हणतात. उर्दूत तो 'तुगदार'. कर्जत, श्रीगोंदा, नेवासे या भागांतले गवताळ माळ आणि त्यांना लागून असलेली ज्वारी-बाजरीची शेते हे त्याचे घर. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य असे सगळे तो खातो. मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. असा पक्षी वर्षाला ४८ या हिशेबाने मरू लागला तर त्याची भरपाई निसर्ग कशी करणार?

मॅन्सफिल्डने शिकार सुरू केली तेव्हा हा जिल्हा कंपनी सरकारचा नव्हताही. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि त्यानंतर इंग्रजांचा अंमल इथे नीट बसला. म्हणजे राज्य यायच्या आधीच साहेबाची बंदूक आपल्या माळावर पोहोचली होती. त्या काळी विलायतेहून गलबतात बसलेला माणूस आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला लागेपर्यंत चार-सहा महिने जात. एवढ्या प्रवासात तो पेट्यांतून कपडे, पुस्तके, दारू आणत असे, तशी शिकारीची बंदूकही आणत असे. लंडनच्या जोसेफ मॅन्टनसारख्या कारागिरांच्या बंदुकांना हिंदुस्थानातल्या साहेबांमध्ये मोठा मान होता. तरी ती बंदूक तोंडाकडून भरायची. दारू, मग बोळा, मग छर्रे, सगळे गजाने ठासायचे, आणि चकमकीच्या ठिणगीने बार काढायचा. एका बारानंतर पुन्हा हाच सगळा खटाटोप.

मग सावध माळढोक एवढ्या संख्येने हाती लागला कसा? उघड्या माळावर माणूस दुरून दिसला की हा पक्षी चालू लागतो. पण शेतकऱ्याच्या बैलगाडीची त्याला सवय होती, तिची भीती वाटत नव्हती. शिकाऱ्यांनी हे हेरले. गाडी हळूहळू गोल फिरवत जवळ न्यायची आणि गाडीआडून बार काढायचा, ही दख्खनमधली ठरलेली रीत झाली. साहेबाची बंदूक परदेशी होती, पण गाडी, बैल, गाडीवान आणि पक्षी कुठे बसतो हे सांगणारा वाटाड्या हे सगळे इथलेच होते.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला. त्याच सुमारास मागून काडतूस भरायच्या बंदुका सर्रास वापरात आल्या. आता फक्त शिकारीसाठी हिंदुस्थानात येणे शक्य झाले. एका बाजूला हे चालू असताना दुसऱ्या बाजूला काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायचे तर परवाना हवा, युरोपियनाला मात्र सूट. याविरुद्ध राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला होता. आणि आपल्या जिल्ह्यातला फासेपारधी? पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तितर, लावे धरणारा, त्यावर पोट भरणारा माणूस. १८७१ च्या कायद्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात आली आणि त्याच्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, निदान कागदावर तरी. सातासमुद्रापलीकडून बंदूक घेऊन येणारा खिलाडू ठरला आणि स्वतःच्या माळावर फासे लावणारा चोर ठरला.

पण इथे थांबून सगळे खापर इंग्रजांवर फोडले तर तो इतिहास होणार नाही. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत स्वतःच्या शिकारीचा हिशेब नोंदवून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे-पक्षी मारले गेले, त्यांतले १७,१६७ त्याने स्वतः मारले. बाबराने माळढोकाच्या मांसाची चव आवर्जून वाखाणली आहे. मराठे सरदार आणि संस्थानिक राजेही शिकारीत मागे नव्हते. राजा मुसलमान की हिंदू की ख्रिस्ती, याने माळावरच्या पक्ष्याला फरक पडला नाही.

आपल्या धर्माने मात्र शिकारीला सीमा घातल्या आहेत. पोटासाठी शिकार करायला परवानगी आहे, पण निव्वळ मौजेसाठी जीव घेण्याचा निषेध हदीसमध्ये आहे. कुरआनच्या अल-माइदा या सूरेत इहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार मना केली आहे आणि मुद्दाम केली तर भरपाई सांगितली आहे. आपल्या भागातून हजला जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत लांबचा हा प्रवास. त्या प्रवासात शिकारीला हात लावायचा नाही, अशी ही शिकवण आहे. बादशहांना ती ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतरही परदेशी बंदुकीसाठी दार उघडेच राहिले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पर्यटकाला खेळापुरती हत्यारे बरोबर आणण्याची सोय ठेवली होती. सरकारला परकीय चलन हवे होते आणि परदेशी शिकाऱ्याला वाघ. आपल्या नागपुरातून चालणारी 'ॲल्विन कूपर' ही शिकार सफरींची कंपनी त्या काळात नावाजलेली होती. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी ती काढली होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा हा धंदा संपला. माळढोकालाही त्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले.

कायदा झाला तरी १९७८-७९ च्या हिवाळ्यात सौदी राजघराण्यातला एक राजपुत्र लवाजमा आणि ससाणे घेऊन राजस्थानच्या वाळवंटात उतरला. त्याला हवा होता माळढोकाचा धाकटा भाऊबंद, तिलोर. लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि ती शिकार थांबवावी लागली. त्या खळबळीतून १९८० साली जयपूरला या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९७९ मध्ये आपल्याकडे सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले होते. पुढे ८,४९६ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १,२२२ वर आणले गेले, कारण त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळेच आले होते आणि जमिनीच्या व्यवहारांवरच्या बंधनांनी लोक वैतागले होते. पक्षी वाचवायचा तर माळावर राहणाऱ्या माणसाला बरोबर घ्यावे लागते, हा त्यातला धडा.

या कहाणीत एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. मुंबईच्या एका मुसलमान घरातला पोरका मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत असे. एकदा पिवळ्या गळ्याची एक चिमणी पडली. तिची ओळख पटवण्यासाठी शिकारी मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा त्यांनी माळढोकाची बाजू मांडली. मान १९६३ मध्ये मोराला मिळाला. मोर सुंदर आहेच, पण तो मान माळढोकाला मिळाला असता तर निदान लोकांना त्याचे नाव तरी माहीत झाले असते.

आज माळढोकाला बंदुकीपेक्षा विजेच्या तारा आणि नांगरली गेलेली गवताळ राने जास्त मारतात. तरी एक बातमी आशेची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. त्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांना अबुधाबीच्या तिलोर संवर्धन संस्थेचे तंत्र उपयोगी पडले. ससाण्याच्या शिकारीचा शौक टिकवायचा तर तिलोर टिकायला हवा, म्हणून अरबांनी हे तंत्र वाढवले आणि ते आपल्या पक्ष्याच्या कामी आले.

नगर जिल्ह्याच्या इतिहासात आपण निजामशाही शिकवतो, चांदबीबी शिकवतो, किल्ला शिकवतो, आणि ते शिकवायलाच हवे. त्याच धड्यात ९६१ हा आकडा आणि त्याशेजारी फासेपारध्यावर बसलेला शिक्काही असावा. कुणी मारले, कुणाला मुभा होती आणि शिक्षा कुणाला झाली, हे तीन प्रश्न मुलांनी विचारले तर माळावरचा इतिहासही त्यांना वाचता येईल.