टॉवेलची मोजणी आणि नोंदीचे पान

१३ जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप, पोटदुखी वाढत गेली. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत टॉवेल सापडला. २४ जुलैला ती दगावली. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून ३६ हजारांची भरपाई कायम केली.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने केसपेपरची नक्कल मिळण्याचा रुग्णाचा व नातेवाइकांचा हक्क मान्य केला. सिस्टरांनी लिहिलेल्या पानालाही त्यामुळे वॉर्डाबाहेर वजन आले.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात केवळ कारणे दाखवा नोटिसा देऊन नोंदी सुधारणार नाहीत. रात्रपाळीला एकटी सिस्टर आधी सलाइन बघणार की रजिस्टर? तीच नाडी, तेच तापमान तीन ठिकाणी लिहायला लावले, की सगळे रकाने पहाटे एका बैठकीत भरले जातात. रकाने कमी करावेत, तक्ता खाटेशी असावा, पाळी बदलताना दोघींनी तो मिळून वाचावा.

टाके घालण्याआधी टॉवेल मोजून आकडा लिहायला काही मिनिटे लागतात. त्या कुटुंबाला न्यायासाठी साडेबत्तीस वर्षे लागली.